आसारामचं नाव

माझ्या एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्या गालाला साबण फासलेला होता, आणि बोर्डाचा पट्टेवाला दारात उभा राहून सांगत होता की छगन पाथरवटानं काम थांबवलंय, कारण दगडावर बाई बसली आहे. मी आरशात बघतच विचारलं, बाई बसली आहे म्हणजे काय? तर म्हणाला, "बसलीया म्हंजी बसलीया, सायेब. उठत न्हाई. काल दुपारी आली. रातच्याला छगनच्या बायकूनं घरात निजवली, तर उजाडताच पुन्ना दगडावर." आता कपाळ माझं! रविवारी मुंबईचे मंत्री यायचे, त्यांच्या हातून त्या दगडाचं अनावरण व्हायचं, निमंत्रणं छापून वाटून झालेली, आणि ही कोण बया माझ्या दगडावर ठाण मांडून बसली? टॉवेलनं तोंड पुसलं, कोट चढवला, टोपी घातली आणि टांग्यात जाऊन बसलो. मागून माझी बायको अंबिका ओरडत राहिली, "अहो, तोंड! अहो, तोंडाकडे बघा जरा!" मला वाटलं, नेहमीप्रमाणे माझ्या फटकळपणाबद्दल बोलतेय. टांगा स्टेशनाच्या पुढे केडगावच्या रस्त्याला लागला तेव्हा सहज गालावर हात गेला आणि कळलं. सबंध लढाईत, ब्रह्मदेशच्या चिखलात, गुडघ्याएवढ्या पाण्यात मी एक दिवस दाढी केल्यावाचून राहिलो नव्हतो, आणि आज नगर शहरातून अर्ध्या तोंडानं चाललो होतो. मागे फिरायला मन घेईना. दाढ दुखणाऱ्या माणसासारखा त्या गालावर हात धरून बसून राहिलो.

मन असं कुठेच टिकत नव्हतं, हीच माझी खरी तक्रार होती. पलटण सोडून आलो त्याला दोन वर्षं होऊन गेली, स्वराज्य येऊन वर्ष उलटलं, आणि लोकल बोर्डाचा अध्यक्ष म्हणून मला खुर्ची मिळाली तीही माझ्या गुणांवर नव्हे. दोन तट होते, दोघांनाही दुसऱ्याचा माणूस नको होता. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. देवळाली प्रवऱ्याच्या ऊसवाल्या ढोकण्यांचा मुलगा, शिकलेला, वर मेजर, कुणाच्यात नाही, मग बसवा त्याला. बसवलं. पलटणीत मी एक शब्द बोललो की दोनशे माणसं उठायची. इथे मी बोललो की सगळे "बरोबर आहे, अध्यक्षमहाराज" म्हणायचे आणि कुणी जागचं हलायचं नाही. सकाळी कॅम्पातलं बिगुल वाऱ्यावर ऐकू आलं की माझे पाय आपोआप पलंगाखाली उतरायचे आणि मग खोलीच्या मधोमध उभं राहून मी स्वतःला विचारायचो, आता काय? कुठे जायचं? कोण वाट बघतंय? अंबिका झोपेतच म्हणायची, "लढाई संपली हो. पडा." दोन वर्षांत मी पुऱ्या ताकदीनं एकच काम करवून घेतलं होतं, ते ह्या दगडाचं. करंजदरा हे पाथर्डीकडचं कोरडवाहू गाव. तिथली पोरं माझ्या कंपनीत होती आणि त्यातली काही परत आली नाहीत. त्यांची नावं कोरून चावडीपुढे शिळा उभी करायची, असा ठराव मी मांडला तेव्हा सभासद माझ्यावर तुटूनच पडले. गोऱ्यांसाठी मेले ते, त्यांचं कसलं स्मारक? मी म्हटलं, गोऱ्यांसाठी कोण मरतं हो? ती पोरं शेजारच्या माणसासाठी मेली. ठराव पास झाला. तो दगड माझा होता, आणि त्याच्यावर बाई बसली होती.

छगनच्या वाडग्यात, घरालगतच्या कुंपणाच्या आवारात, शिळा आडवी ठेवलेली होती, काळी, चकचकीत घासलेली, वरची नावं कोरून झालेली. उरलेल्या कोऱ्या जागेवर, बरोबर तिथेच, एक तिशीतली बाई मांडी घालून बसली होती. हिरवं लुगडं, हातात कोपरापर्यंत बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. छगन बाजूला छिन्नी-हातोडी घेऊन उकिडवा, लेकीच्या लग्नात रुसलेल्या व्याह्याकडे बघावं तसा तिच्याकडे बघत होता. मी म्हटलं, "बाई, उठा." ती म्हणाली, "न्हाई उठायची." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचे डोळे हसले. "सायेब, अर्धी दाढी न्हाव्याकडं गहान ठिवली का काय?" छगननं मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते. मी गालावरचा हात काढला. आता झाकून तरी काय उपयोग!

"तुम्ही कोण?"

"वळखलं न्हाई व्हय? मी झुंबर. आसारामाची. लढाईवरनं आल्यावर तुमी आमच्या दारात आल्ता की. गुळाचा चा पिऊन गेल्ता."

ओळखलं. कसं नाही ओळखणार? परत आल्यावर मी करंजदऱ्याला घरोघर गेलो होतो. तिच्या दारात उभं राहून मी म्हटलं होतं, बाई, आसाराम गेला; आणि तिनं विचारलं होतं, कुठं गेला? तेव्हा तिचं बोलणं मला कळलं नाही. मग तिनं विचारलं, प्रेत सापडलं का? मी खरं बोलणारा माणूस, म्हणालो, नाही. "मंग बसा, चा घ्या," म्हणाली. पेन्शनच्या कागदावर तिनं शेवटपर्यंत अंगठा दिला नाही. निघताना मला म्हणाली होती, हे गावात बोलू नगा. मी बोललो नाही.

"सायेब, ह्या दगडावर त्यांचं नाव घालू नगा," ती म्हणाली. "माझं एवढंच म्हननं हाय. घालत न्हाई म्हना, आत्ता उठते."

"अहो बाई, मानाची गोष्ट आहे ही."

"मान तुमचा. कपाळ माझं."

मग मी म्हटलं, नाव घातलं नाही तर गाव काय म्हणेल ठाऊक आहे का? ती म्हणाली, "काय म्हनायचं ते आताबी म्हनतंयच की. पळाला म्हनत्यात. रंगूनला बाई ठिवली म्हनत्यात, पानाची गादी टाकलीया म्हनत्यात. म्हनू द्या. आला सवत घिऊन तर नांदू की दोघी. मला दळायला जोडीदारीन हुईल." ती हसली, छगनही हसला. मला मात्र संताप आवरेना. "आणि तुम्हाला हे चालतं? तुमच्या नवऱ्याला लोकांनी पळपुटा म्हटलेलं?" तिचं हसू गेलं. दगडावर तळहात टेकून ती म्हणाली, "पळालेला मानूस कुटंतरी आसतोय, सायेब. तुमीबी पळाला म्हना. मेला म्हनू नगा."

पळाला म्हणू? आसारामला? नायक आसाराम म्हणजे माझ्या कंपनीतला सगळ्यात उद्धट माणूस आणि सगळ्यात धडाडीचा. परेडला उशिरा, शिस्तीत ढिला, पण रात्रीच्या गस्तीला जायचं म्हटलं की बूट चढवून पहिला तयार. मला एकदा म्हणाला होता, "सायेब, तुमी नकाशात बघा, मी पायाखाली बघतो, म्हंजी दोघंबी घरी जाऊ." इरावतीच्या काठी आम्ही होड्या पाण्यात लोटल्या तेव्हा धुकं होतं, पाण्याला कुजक्या पानांचा वास येत होता, आणि तो वास आजही कधी नगरच्या नळाच्या पाण्याला येतो आणि मी पेला खाली ठेवतो. होडी मध्यावर गेली, धुकं फाटलं, आणि पलीकडून मशीनगन सुरू झाली. करंजदऱ्याचाच श्रीमंत नावाचा पोरगा, गावातल्या म्हाताऱ्या गहिनीनाथाचा एकुलता एक मुलगा, छातीत लागून पाण्यात पडला. मी ओरडत होतो, वल्ही मारा, थांबू नका. हुकूम तोच होता आणि बरोबर होता. आसारामनं उडी मारली. श्रीमंताला बगलेत धरून तो होडीपर्यंत आला, त्याला वर ढकलला, मी खेचला. मग आसारामनं होडीच्या काठाला हात घातला आणि माझ्याकडे पाहून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हातभर अंतरावर होता. गोळी डोक्यात लागली. चेष्टेत कुणी थोबाडीत मारावी तसं आश्चर्य त्याच्या तोंडावर आलं आणि पाणी त्याला घेऊन गेलं. श्रीमंतानं दोन दिवसांनी दवाखान्याच्या तंबूत प्राण सोडला. त्या होडीत करंजदऱ्याचं तिसरं कुणी नव्हतं. आसारामचं प्रेत मिळालं नाही, म्हणून मी कागदावर लिहिलं, बेपत्ता, बहुधा ठार. बहुधा हा शब्द नियमात होता म्हणून लिहिला. त्यात बहुधा असं काही नव्हतं.

हे सगळं मी तिला तिथे, छगनच्या वाडग्यात, उभ्या उभ्या सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. एवढ्या रागानं सांगितलं की जणू तिनंच काही केलं होतं. श्रीमंताला कसा धरला, होडीला कसा लावला, हात काठावर होता, हातभर अंतर, सगळं. छगननं छिन्नी खाली ठेवली. ती ऐकत होती, नखानं दगडावरच्या एका अक्षराची रेघ कोरत. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "पडताना बघितला. मेलेला बघितला का?"

मी तसाच वळलो आणि टांग्यात बसलो. छगन मागून धावत आला, "सायेब, काय करू?" मी म्हटलं, "थांब. हुकूम येईपर्यंत हात लावू नको." हुकूम कोण देणार होता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

बोर्डाच्या कचेरीत उपाध्यक्ष शामकांत वकील मंत्र्यांच्या दौऱ्याचा कार्यक्रम घेऊन बसले होते. बेचाळीसला ते विसापूरच्या तुरुंगात होते तेव्हा मी गोऱ्यांच्या मेसमध्ये चमच्यानं खीर खात होतो, हे ते आठवड्यातून एकदा तरी सांगायचे, आणि तरीही दगडाच्या ठरावाला पहिलं मत त्यांचंच पडलं होतं. मेलेल्यांशी माझं भांडण नाही, म्हणाले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आसाराम कसा मेला तेवढं नाही. ते परत तोंडातून काढवत नव्हतं. ते म्हणाले, "अहो अध्यक्ष, मग गाळा ना नाव. आहे काय नि नाही काय! कोण मोजायला येतंय?"

"मी मोजतो," मी म्हटलं.

"तुम्ही फार मोजता. इथे माणसानं कमी मोजावं आणि कमी बोलावं. कुणी विचारलंच तर बेपत्ता म्हणायचं आणि हार घालून मोकळं व्हायचं." चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "आणि हे काय, नवी फॅशन? एका बाजूला काँग्रेस, एका बाजूला पलटण?" मी न्हाव्याला बोलावणं पाठवलं. तो दाढी करत होता तेव्हा माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. नाव घातलं तर ती मेली. नाव गाळलं तर तो मेला, आणि वर पळपुटा म्हणून मेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. न्हावी म्हणाला, "सायेब, मान हलवू नका." मला कळलंच नव्हतं की मी मान हलवतोय.

दुपारी घरी आलो तर स्वयंपाकघरातून दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं. अंबिका बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाईमाणूस कालपासून दगडावर बसलंय, आणि तुम्ही बोर्डात जाऊन बसलात? पट्टेवाल्याकडून कळलं. मीच बोलावून घेतली. छगन तुमच्या हुकमाशिवाय हात लावणार नाही म्हटल्यावर उठली. जेवतेय. तुम्ही बाहेर बसा आणि खाकरू नका उगाच." मी बाहेरच्या खोलीत बसलो. उठलो, खिडकीशी गेलो, परत बसलो. आतून झुंबरबाईचं बोलणं येत होतं, जेवताना बोलतात तसं, घासागणिक थांबत. "…गावात कुनाचंबी लगीन निघू द्या, हळदीच्या जात्याला पैला हात माझा. पाच सवाशिनी लागत्यात, पर गानी मलाच येत्यात समदी. बाकीच्या निसत्या गरागरा फिरवत्यात, म्हशीवानी. म्या म्हनते, अगं हळू, नवरीच्या अंगाला लागायचीया ती, भाकरीचं पीठ न्हाई." अंबिका हसली. "पोरबाळ झालं न्हाई मला, ताई. त्यांनी एकच पावसाळा घरात काढला माझ्यासंगं. जमीन दिराकडं, घर सासूचं. जात्याची खुटी तेवढी माझी. म्या गेले न्हाई तर लगीन खोळंबून ऱ्हातं." मग तीच म्हणाली, "मागल्या साली आमच्या शेजारनीचा दादला सापानं गेला. तीबी यायची हळदीला. आता येत न्हाई. भितीआडनं ऐकत आसती."

मी तिथे बसलो होतो आणि माझ्या लक्षात येत होतं की मला तिचा राग येतोय. तिनं रडायला हवं होतं, मग मला समजूत घालता आली असती. पलटणीत मी कितीतरी बापांना, भावांना पत्रं लिहिली, शौर्याचं लिहिलं, अभिमानाचं लिहिलं. ह्या बाईला शौर्य नको होतं. तिला एक खुंटी हवी होती, लाकडाची, वीतभर. आणि माझ्या आसारामचं काय? पाण्यात तोंड उघडून तो काय सांगणार होता मला? कित्येकदा मी ते वाक्य पुरं करायला बघितलं होतं. सायेब, झुंबरला सांगा. सायेब, हात द्या. कदाचित एक शिवीही असेल. त्याचा भरवसा नव्हता.

ती निघाली तेव्हा अंबिकानं देवघरातून करंडा आणला. सवाशीण घरी जेवून निघाली की हळदकुंकू लावल्यावाचून तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, हात आपोआप जातो. अंबिकाचा हात करंड्यात गेला आणि तिथेच थांबला. आसाराम कसा गेला हे आज सकाळपर्यंत माझ्याखेरीज तिलाच ठाऊक होतं. लढाईवरून आल्यावर पहिल्या आठवड्यात मी तापात बडबडलो होतो आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईचा नवरा गेल्याचं आपल्याला पक्कं माहीत आहे तिच्या कपाळाला कुंकू लावायचं? आणि समोर कपाळ पुढे करून उभ्या असलेल्या बाईला तसंच पाठवायचं? झुंबरबाईनं डोळे मिटून घेतले होते. इतके गच्च मिटले होते की पापण्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. अंबिकानं हळद लावली, मग कुंकू, चांगलं ठसठशीत, आणि खण-नारळानं ओटी भरली. झुंबरबाई तिच्या पाया पडली, माझ्याही पडायला वाकली, मी मागे सरलो. ती गेल्यावर अंबिका म्हणाली, "लावलं मी. पाप असेल तर ते माझं. आता तुम्ही काय ते बघा." आणि आत जाऊन भांडी आपटत राहिली. मी पट्टेवाल्याकरवी छगनला निरोप धाडला, ते नाव घालू नको, राहिलेली जागा तशीच राहू दे.

पुढचे दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. रस्तादुरुस्तीवर सभा चालू असताना मध्येच उठून गेलो. शामकांत वकिलांनी प्रकृतीचं कारण सांगून वेळ मारून नेली. पाय न्यायचे तिकडे जायचो, आणि पाय कॅम्पाकडेच न्यायचे. मैदानावर नवे रंगरूट डावा-उजवा करत होते. पाथर्डीकडची, जामखेडकडची कोवळी पोरं, घामानं पाठी भिजलेली. कुणी मला ओळखत नव्हतं. धोतर-कोटातला एक गृहस्थ कुंपणाशी उभा. आसारामचं नाव गाळायचं म्हणजे काय करायचं, हे मला तिथे उभं राहून समजलं. रोज संध्याकाळी हजेरी घेताना मी नाव वाचायचो आणि समोरून ओ यायची. आणि ज्या दिवशी ओ आली नाही त्या दिवशीही नाव वाचलं गेलं होतं. गेलेल्याचं नाव एकदा तरी वाचायचं, एवढंच आमच्याकडे होतं, दुसरं काय होतं आमच्याजवळ? तेही मी आता त्याच्याकडून काढून घेणार होतो. पण मग ते गच्च मिटलेले डोळे आठवायचे आणि मी घराकडे वळायचो.

रविवारी करंजदऱ्याच्या चावडीपुढे मांडव घातला होता. मंत्री आले, हार झाले, ताशा वाजला. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. झुंबरबाई बायकांत पुढेच बसली होती, त्याच हिरव्या लुगड्यात, आणि शेजारणींना काहीतरी सांगून हसवत होती. छगन पक्क्या बसवलेल्या शिळेशेजारी उभा होता, अंगावर धुतलेला सदरा. मंत्र्यांनी कापड ओढलं. टाळ्या झाल्या. गावचे गुरुजी एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले, आणि प्रत्येक नावाला मांडवात कुठेतरी एखादं माणूस ताठ होऊन बसत होतं. मी ताठ उभा होतो. नावं संपली. मंत्री भाषणाला उठणार, तेवढ्यात म्हातारा गहिनीनाथ काठी टेकत उभा राहिला.

"गुरुजी, येक ऱ्हायलं. आमच्या श्रीमंतासंगं गेल्ता त्यो आसाराम?"

गुरुजींनी शिळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शामकांत वकील माझ्या कानाशी पुटपुटले, "बेपत्ता म्हणा आणि आटपा." मी म्हटलं, "बाबा, आसारामचा पत्ता लागलेला नाही."

"पत्ता तर खालच्या आळीच्या गोरक्षनाथाचाबी लागला न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "त्याचं नाव वाचलं की आत्ता." मागे कुणीतरी खिदळलं, रंगून, पानाची गादी, असं काहीसं कानावर आलं. म्हातारा मागे वळून खेकसला, "गप ऱ्हावा रं!" आणि परत माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या पोराचा जोडीदार हुता त्यो. एका ताटात जेवली दोघं. तुमी त्याचे सायेब. तुमीच सांगा, हितं, समद्यांम्होरं. आमी काय समजायचं?"

हजेरीला उभं असल्यासारखे सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या नाकात तो कुजक्या पानांचा वास आला, मांडवात, भर उन्हात. मी झुंबरबाईकडे पाहिलं. ती हसायची थांबली होती. तिच्या कपाळावरचं कुंकू मला तेवढ्या अंतरावरूनही दिसत होतं, आणि वाटलं, एक शब्द, मग ही सुटेल, मीही सुटेन.

"आसाराम पळून गेला," मी म्हटलं. आवाज परेडवरचा निघाला, मांडवाच्या शेवटापर्यंत पोचला. "त्यानं नदी ओलांडलीच नाही. काठावरूनच पळाला."

गहिनीनाथ तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. मग तो बाजूला थुंकला. "आरारारा," म्हणाला, "आन त्याच्या भरवशावर मी पोर धाडलं!" आणि काठीवर भार देत खाली बसू लागला.

"खोटं हाय!"

झुंबरबाई उभी राहिली होती. शेजारणीनं पदर धरून तिला खाली ओढायचा प्रयत्न केला, तो तिनं हिसडला. "सायेब, काय बोलता हे? जिभेला हाड हाय का? त्यो पळनारा न्हवता! तुमीच सांगितलं न्हवं मला, त्या दगडापाशी? आता फिरवता व्हय?" मग ती माझ्याकडे पाठ करून गहिनीनाथाकडे वळली. "मामा, थुकू नगा त्याच्या नावावर. तुमच्या श्रीमंताला त्यानंच पान्यातनं काढला. सायेब वरडत हुते, चला म्हून, तरीबी उडी मारली त्यानं. पोराला बगलंत धरून होडीत घातला आन सोता वर यायला लागला, तवा डोक्यात गोळी लागली. हात हुता त्याचा काठावर. तितंच गेला त्यो, मामा. तितंच गेला."

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं. हे मी पाहिलं. तिचा हात अर्धा वर गेला आणि तसाच राहिला.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं, डोळे भरून येतील इतकं बरं वाटलं. माझा आसाराम सगळ्या गावासमोर पुन्हा त्या होडीशी आला होता आणि म्हातारा गहिनीनाथ काठी टाकून दोन्ही हात जोडून उभा होता. मग मी बायकांकडे पाहिलं. झुंबरबाईच्या उजव्या हाताची बाई थोडी सरकली. वीतभरच. मग डावीकडची सरकली, मग मागची, आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही. मघाशी तिचा पदर धरून ओढणारी बाई तेवढी जागची हलली नाही. तीही खाली मान घालून बांगड्यांशी चाळा करत बसली.

झुंबरबाईनं हे बघितलं. तिनं पदर कपाळावरून पुढे ओढला, इतका पुढे की डोळेही दिसेनात, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून चालत शिळेपाशी आली.

"छगनदादा," ती म्हणाली, "छिन्नी आनलीया का? येक नाव ऱ्हायलंय."

छगन माझ्याकडे बघत होता, मंत्री बघत होते, सगळं गाव बघत होतं. हुकूम मीच द्यायचा होता.